निळी नखं

माणसं डॉक्टर का होतात, याची उत्तरं मी सत्काराच्या भाषणांत पुष्कळ ऐकली आहेत. गोरगरिबांची सेवा, आईची इच्छा, गावाचं ऋण. माझ्यावर बोलायची पाळी आली की मी आभार मानून खाली बसतो, कारण खरं सांगितलं तर हार घालणाऱ्यांची पंचाईत होईल. मी डॉक्टर झालो तो एका माणसाची जिरवायला. तो माणूसही डॉक्टरच होता. माझ्या बहिणीचा हात त्याच्या पट्टीनं गेला, माझ्या आईच्या तेलानं नाही, एवढंच मला त्याच्या तोंडून चारचौघांत वदवून घ्यायचं होतं. त्यासाठी मी पोटापाण्याची नोकरी सोडली आणि पोरांच्या शेजारी बाकावर जाऊन बसलो.

तेव्हा मी गोंदियाच्या शाळेत इतिहास आणि मराठी शिकवीत असे. जिल्हा भंडारा होता. गोंदिया म्हणजे रेल्वेचं जंक्शन, धानाच्या गिरण्या, विडीचे कारखाने आणि बाजारभर हिंदी. आमचं घर बिरसीच्या अलीकडच्या एका खेड्यात. थोडी धानाची जमीन, आई, आणि माझ्याहून बरीच लहान अशी एक बहीण. वडील मी शिकत असतानाच गेले होते. शनिवारी शाळा सुटली की मी सायकल हाणत घरी जाई, आणि बहीण पांदणीच्या, म्हणजे शेतवाटेच्या, तोंडाशी येऊन उभी असे. सायकलवर पुढे बसून घरापर्यंत यायचा तिचा हक्क होता.

त्या वर्षी धान कापून झालं होतं आणि खळ्यावर पुंजणे रचलेले होते. पुंजणा म्हणजे धानाच्या भाऱ्यांची माणसाहून उंच रास. त्यावरून घसरू नये असं आमच्याकडे प्रत्येक पोराला सांगितलेलं असतं आणि प्रत्येक पोर घसरतंच. बहीण घसरली, उजवा हात अंगाखाली आला आणि कोपराच्या जरा वर हाड मोडलं. शेजारी म्हणाले, हाडवैद्य जवळच आहे, त्याच्याकडे नेऊ. मी शिकलेला माणूस. मी म्हटलं, छे, गोंदियाला डॉक्टरकडेच न्यायचं. बंडी जुंपली आणि तिला त्याच्या दवाखान्यात घेऊन गेलो.

त्याच्या दारावर पितळी पाटी होती आणि ती रोज घासली जाई. तो आमच्या शाळेच्या कमिटीवर होता, बक्षिसं त्याच्याच हस्ते वाटली जात. गावात त्याच्या पट्टीची ख्याती होती. त्यानं बांधलेली पट्टी हलत नाही, असं लोक कौतुकानं सांगत. त्यानं बहिणीच्या हाताला दोन्ही बाजूंनी लाकडी फळ्या लावल्या आणि अशी करकचून पट्टी गुंडाळली की तिच्या तोंडून आवाजही निघाला नाही, नुसतं तोंड उघडं राहिलं. मला बजावलं, "मी सांगेपर्यंत हिला हात लावायचा नाही. लावलात तर हात गेला समजा, आणि मग माझ्याकडे यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटं टम्म सुजली होती आणि नखं निळी पडली होती. ती सारखी एकच म्हणत होती, "जळून राहिलं भाऊ, सोड नं थे." मी सायकलवर बसलो आणि गोंदिया गाठलं. तो एका गिरणीवाल्याबरोबर चहा पीत बसला होता. मी नखांचं सांगितलं. त्यानं कप खालीसुद्धा ठेवला नाही. म्हणाला, "मास्तर, तुम्ही पोरांना पानिपत शिकवा. हड्डी का काम हमपे छोडो." गिरणीवाला हसला. मी पुन्हा सांगितलं, तर म्हणाला की हाड मोडलं तर सूज येणारच, आणि खेड्यातल्या पोरींना रडायची सवय असते.

मी परत आलो. पट्टीला हात लावला नाही. त्याचंही खापर मी त्याच्याच डोक्यावर फोडलं आहे आणि ते खाली उतरवायचा माझा विचार नाही. संध्याकाळी बहिणीचं रडणं थांबलं. आम्हाला वाटलं, उतार पडला. आईनं देवापुढं साखर ठेवली. आता जळत नाही म्हणे, बोटंच लागत नाहीत. ही चांगली खूण आहे असं घरातल्या साऱ्यांना वाटलं, मलाही.

फळ्या निघाल्या तेव्हा हाड छान जुळलेलं होतं. मात्र मनगट आत वळलेलं आणि बोटं तळव्याकडे मुडपून घट्ट बसलेली. ती उघडेनात. आई मोहाच्या बियांचं तेल कोमट करून रोज तो हात चोळू लागली. हे कुठून तरी त्याच्या कानावर गेलं, आणि त्याला आयतं सापडलं. कमिटीच्या बैठकीत, बाजारात, पान खाता खाता तो सांगत सुटला की माझं काम चोख होतं, हाड बघा कसं जुळलं आहे, या अडाणी लोकांनी तेल चोळून चोळून नस आखडवली. मास्तर शिकलेला असून घरात उजेड नाही, असंही म्हणाला.

गावानं ते मानलं. गाव मानेल यात नवल नाही, त्याच्याकडे पितळी पाटी होती. पण आईनंही मानलं. तेलाचं भांडं तिनं फडताळात मागे सारलं. एकदा मी तिला चुलीपाशी बसून बहिणीला सांगताना ऐकलं, "माह्याच हातानं झालं बाई हे. मलेच अक्कल नोहोती."  बहीण तेव्हा डाव्या हातानं जेवायला शिकत होती आणि तिचं सारं लक्ष घासाकडे होतं.

त्या दिवशी माझ्या मनात त्या माणसाबद्दल जे आलं ते आजवर गेलेलं नाही. मी हेडमास्तरांना सारं सांगितलं. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, "तुम्ही इतिहासाचे मास्तर. तुमच्याकडे पुरावा काय? तुम्ही म्हणता पट्टीनं झालं, तो म्हणतो तेलानं. तो डॉक्टर आहे." मला राग आला, कारण वर्गात मी पोरांना नेमकं हेच विचारीत असे. कोण सांगतो? त्यानं डोळ्यांनी पाहिलं का? लोकांनी ते खरं मानलं तर त्याचा फायदा काय? या तिन्ही प्रश्नांवर डॉक्टर नापास होत होता, पण पेपर तपासायचा अधिकार माझ्याकडे नव्हता. तो अधिकार घेऊन यायचा, एवढं मी ठरवलं. आमचे आप्त म्हणाले, याला वेड लागलं. त्यांचं फार चूक नव्हतं.

नागपूरच्या मेडिकल स्कूलमध्ये तेव्हा मॅट्रिक झालेली पोरं येत. मी बी.ए. होऊन आणि काही वर्षं खडू झिजवून आलेलो. पहिल्याच दिवशी सारा वर्ग मला मास्तर म्हणू लागला आणि ते नाव शेवटपर्यंत चिकटलं. शरीरशास्त्र शिकवणारे एक गृहस्थ होते, त्यांना माझी भारी मौज वाटे. हाडांच्या पेटीतून एखादं हाड काढून माझ्यापुढे धरत आणि म्हणत, "सांगा इतिहासकार, हे कोणत्या घराण्यातलं?" पोरं हसत. मी हाडाचं नाव सांगे. गाल तापलेले असत, पण नाव चुकत नसे. ज्याला सूड घ्यायचा असतो त्याचं पाठांतर चांगलं होतं, हा माझा अनुभव आहे.

रसायनाचा मला गंध नव्हता. पोरांना उत्तरं लिहिता येत नव्हती. म्हणून आमचा सौदा जमला. ती मला नळ्या आणि क्षार समजावत आणि मी त्यांना शिकवी, आधी काय झालं ते लिहा, मग का झालं, मग त्यातून पुढे काय निघालं. बघता बघता वसतिगृहातल्या माझ्या खोलीत संध्याकाळी वर्गच भरू लागला. नसा आणि रक्तवाहिन्या त्यांच्या डोक्यात राहत नसत. मी त्यांना हात म्हणजे मुलूख समजा असं सांगितलं. खांद्याकडून रसद निघते, दंडातून खाली येते, कोपरापाशी खिंड आहे, खिंडीपलीकडे बोटांची छावणी. रसद कोणत्या वाटेनं जाते आणि वाटेत तिला कोण भेटतं, ते पोरं नकाशा काढून सांगू लागली. मी स्वतःही तो हात असाच शिकलो. इतर अवयव परीक्षेपुरते शिकलो, हे कबूल करायला हरकत नाही. उजवा हात मात्र मी असा शिकलो की डोळे मिटून त्यात फिरावं.

शस्त्रक्रियेचे आमचे अध्यापक कमी बोलत. एके दिवशी कोपरापाशी मोडलेल्या हाडावर शिकवताना त्यांनी सांगितलं, इथे पट्टी घट्ट झाली तर रक्त अडतं. आधी आग होते, मग नखं निळी पडतात, मग बोटं बधिर होतात आणि रोगी गप्प होतो. नातेवाईक खूश होतात. तोवर स्नायू मेलेला असतो. पुढे बोटं आकसून हात पंजासारखा वाकडा होतो. बोटं बधिर व्हायच्या आत जो पट्टी सोडतो तोच हात वाचवतो.

मी उभा राहिलो आणि विचारलं, "सर, असा हात नंतर तेल लावून चोळला तर?"

"चोळावाच," ते म्हणाले. "बोटं सावकाश ताणावीत. गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं टिकतं. का विचारता?"

मी काही नाही म्हणून खाली बसलो.  त्या साऱ्या प्रकारात एकच उपचार योग्य झाला होता, आणि तो माझ्या आईनं केला होता. आणि तोच त्या माणसानं बंद पाडला होता. पट्टीची चूक माणसाच्या हातून होते, मी आता डॉक्टर आहे, मला ठाऊक आहे. पण आपली चूक झाकायला एका बाईच्या हातातलं तेलाचं भांडं काढून घेणं, याला मी चूक म्हणणार नाही. त्या दिवसापर्यंत मला त्याचा राग होता. त्या दिवशी तो माझा वैरी झाला.

सुट्टीत घरी आलो तो आधी आईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू माहा पोरगा होय, तू असंच म्हनशीन." तेलाचं भांडं काही तिनं बाहेर काढलं नाही. मग मी त्याच्या दवाखान्यात गेलो आणि सरांनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. तो खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "अजून पास व्हायचे आहात ना, मास्तर? पास होऊन या. मग बोलू." बंद खोलीत त्याला सांगून उपयोग नव्हता, हे मला तिथं कळलं. आईचा विश्वास बसायचा तर तो त्याच्याच तोंडानं बसणार होता, आणि ज्या गावानं तिला बोल लावला त्या गावापुढेच.

हेडमास्तर मला प्रत्येक सुट्टीत जादा वर्गांवर घेत. पोरांना वाटे मी आता फक्त रोग शिकवीन. मी इतिहासच शिकवला, पण पूर्वीपेक्षा कडक. राजानं स्वतःविषयी लिहवून घेतलेलं काही दिसलं की मी पोरांना त्याच्यावर सोडी आणि ती त्याची पिसं काढत. मला त्यात फार समाधान मिळे. एकदा वर्गाबाहेरून कमिटीवरचा तो डॉक्टर हेडमास्तरांबरोबर चालला होता, तर मी मुद्दाम आवाज चढवला. त्याला काही समजलं नसावं.

मग दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू झाली. बिरसीकडे विमानं उतरायची जागा बनू लागली, आसपासची माणसं तिथं मजुरीला जाऊ लागली, आणि शहरात प्रथमोपचाराच्या वर्गांची टूम निघाली. हेडमास्तरांनी शाळेचा वर्ग सुट्टीपुरता माझ्याकडे दिला. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होतो. या वर्गांच्या समितीचा अध्यक्ष अर्थात तोच डॉक्टर. वर्गात शिक्षक होते, वरच्या इयत्तेची पोरं होती, रेल्वेतली माणसं होती. मी त्यांना इतर सारं यथास्थित शिकवलं, पण पट्टीचा धडा पाढ्यासारखा घोकून घेतला. पट्टी बांधली? बांधली. आता काय पाहायचं? नखं. दाबून सोडलं तर? लाली परत आली पाहिजे. नाही आली तर? सोडा. डॉक्टर रागावला तर? सोडा. हे शेवटचं कुठल्या पुस्तकात नव्हतं. ते मी घातलं होतं.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. सासुरवाशिणी माहेरी येतात, दुकानं लागतात, दिवसा दंडारीचा नाच-खेळ होतो, रात्री नाटक होतं. त्या दिवशी गावात आलेलं माणूस कुणाच्या तरी घरी जेवल्याशिवाय जात नाही. आमच्या गावच्या मंडईच्या मंडळींना मी सुचवलं की नाटकाच्या मंडपात दुपारी प्रथमोपचाराचं प्रात्यक्षिक ठेवू आणि उद्घाटनाला गोंदियाच्या मोठ्या डॉक्टरांना बोलावू. मंडळी खूश झाली. तोही खूश झाला. मोटारीनं आला, पांढरा कोट घालून. मी स्वतः पुढे होऊन त्याच्या गळ्यात हार घातला. हार घालताना मला जेवढा आनंद झाला तेवढा पुढे माझ्या गळ्यात कुणी हार घातला तेव्हा कधी झाला नाही.

मंडप भरलेला होता. बायकांच्या बाजूला पुढेच आई आणि बहीण बसल्या होत्या. बहीण आता लग्नाच्या वयाची झाली होती, आणि उजवा हात ती नेहमीप्रमाणे पदराखाली घेऊन बसली होती. माझ्या वर्गातली माणसं मी मंडपभर पसरून बसवली होती. मी म्हटलं, पट्टी कशी बांधतात ते मी काय दाखवणार, साहेबांची पट्टी साऱ्या मुलखात प्रसिद्ध आहे, ती त्यांनीच बांधून दाखवावी. मी बाही वर केली आणि माझा हात पुढे केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानं फळ्या घेतल्या आणि बांधली. इतक्या वर्षांत काही शिकला नव्हता. तीच करकचून पट्टी, तोच तिढा. बांधून झाल्यावर लोकांकडे वळून हसला.

मी हात खाली सोडला आणि बोलत राहिलो. म्हटलं, साहेबांनी मला एकदा सांगितलं होतं की मास्तर, तुम्ही पानिपत शिकवा. ते मी आज शिकवतो. पानिपतावर फौज लढाईच्या आधीच उपाशी होती, कारण रसद तुटली होती. या कोपरातून बोटांची रसद जाते. असं म्हणून मी मधल्या लढायाही सांगितल्या, सावकाश सांगितल्या. बोटांत मुंग्या आल्या, मग ठणका लागला. मला हवं होतं तेच. मग मी हात डोक्यावर नेऊन लोकांना दाखवला. बोटं सुजली होती आणि नखं निळी होती.

"काय पाहायचं?" मी विचारलं.

"नखं," मंडपातून आवाज आला. पोरं, शिक्षक, रेल्वेवाले, सारे.

"कशी आहेत?"

"निळी."

"मग?"

"सोडा."

"डॉक्टर रागावला तर?"

"सोडा."

हसू उठलं. तो हसला नाही. पट्टी सोडायला पुढे आला, तर मी हात मागे घेतला. म्हटलं, "थांबा साहेब, आधी शिकू द्या लोकांना. ही अशीच ठेवली तर काय होईल?" तो म्हणाला, बोटं बधिर होतील. मी म्हटलं, "पुढे?" त्यानं मंडपाकडे पाहिलं. समोर बसलेल्या माणसांपैकी अर्धे त्याचे रोगी होते आणि साऱ्यांचं लक्ष माझ्या बोटांकडे होतं. हाताचा ठणका आता मला सोसवत नव्हता, पण मी तो खाली घेतला नाही. "पुढे काय होईल, साहेब?"

"हात वाकडा होतो," तो म्हणाला.

"आणि मग आईनं तेल चोळलं, तर त्या तेलानं होतो का?"

आता त्याला समजलं. त्याची नजर बायकांच्या बाजूला गेली आणि आईवर थांबली. खोटं बोलायला त्याला अजूनही वाव होता. पण त्याचीच पट्टी माझ्या हातावर होती, आणि मंडपातल्या पोरालाही आता उत्तर ठाऊक होतं. त्यानं मान खाली घातली.

"तेलानं नाही," तो म्हणाला. "पट्टीनंच होतो."

मागच्यांना ऐकू आलं नाही. मी त्याला पुन्हा म्हणायला लावलं. तो पुन्हा म्हणाला. मग मी स्वतः पट्टी सोडली. रक्त परत येताना जी आग होते ती मी तेव्हा पहिल्यांदा अनुभवली आणि मला ती गोड लागली. आई पदरानं तोंड पुसत होती. शेजारच्या एका म्हातारीनं, जिनं तिला सगळ्यांत जास्त बोल लावले होते, तिच्या पाठीवर हात ठेवला. माझं काम झालं असं मला वाटलं.

तो मोटारीकडे निघाला होता. पाय भराभर पडत होते. पण आई माझ्याआधी तिथं पोचली आणि मोटारीच्या दारापुढे उभी राहिली. म्हणाली, "मंडईच्या दिवशी जेवल्याबगर कसे जासान जी? घरी चाला." त्यानं काम आहे म्हटलं, प्रकृती बरी नाही म्हटलं. आई हलली नाही. भोवती गावची माणसं जमली होती, आणि मंडईचं जेवण नाकारलं की ते त्या घराला नाकारणं असतं, हे त्यालाही ठाऊक होतं. आईच्या मनात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, ही आता त्याला क्षमा करते आहे, आणि मी मनातून चरफडलो.

अंगणात पंगत बसली. पाहुण्याला पहिली पत्रावळ. आमची काकू वाढायला निघाली, तर बहिणीनं तिच्या हातातून भाताचं भांडं घेतलं. आमच्या घरी ती कधी पंगतीत वाढत नसे. उजव्या हातात पळी ठरत नाही आणि डाव्या हातानं पाहुण्याला वाढत नाहीत. म्हणून मंडई असो की लग्न, ती चुलीपाशीच राही. बघायला येणारेही हेच विचारून जात, पोरगी वाढते कशी? आणि पुन्हा येत नसत.

तिनं भांडं वाकड्या हाताच्या कवेत धरलं आणि डाव्या हातानं पळी भरून त्याच्या पत्रावळीवर भात वाढला. सारी पंगत थांबली. काकूनं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "वाढ बाई." बहिणीनं डाव्या हातानंच वरण वाढलं, भाजी वाढली, वडे ठेवले. इतरांना काकूनं वाढलं, उजव्या हातानं. त्याच्या समोरून मात्र बहीण हलली नाही. तो पत्रावळीकडे बघत राहिला. गावातली जुनी माणसं दोन्ही बाजूंना बसली होती आणि कुणी घास उचलत नव्हतं, कारण पाहुण्यानं उचलल्याशिवाय उचलत नाहीत. शेवटी त्यानं घास घेतला. मग सारे जेवू लागले.

त्याचा भात संपत आला तसा तिनं पुन्हा वाढला. तो खाऊ लागला, तिनं पुन्हा पळी भरली. त्यानं पत्रावळीवर हात आडवा धरला. "पुरे, बाई," तो म्हणाला.

"मी बी तवा रडून सांगून राहिली होती जी," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, नेहमीसारखाच होता. "तुमी कुठं आयकलं?"

त्यानं हात बाजूला घेतला. तिनं डाव्या हातानं आणखी भात वाढला. पंगतीतून आधी उठता येत नाही आणि पानात टाकता येत नाही, म्हणून तो जेवत राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. शेवटच्या शितापर्यंत तो जेवला, आणि तोवर ती त्याच्यासमोर उभी राहिली.